आधी त्याचं ऐका



प्रश्नमंजूषा आणि वादविवादाची बक्षिसं आत्ताच माझ्या हातून दिली गेली. तुमची तयारी पाहून मन भरून आलं. तुम्हाला इतकं येतं, म्हणूनच एक गोष्ट मोकळेपणानं बोलतो.

मध्यंतरी एसटीत माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजची मुलं होती. एक मुलगी आजीला घेऊन रायगडावर गेली होती. रोपवेतून उतरल्यावर आजीनं चपला काढून हातात घेतल्या, इथवर तिचं सांगून झालं आणि शेजारचा मुलगा सुरू झाला. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, बांधकाम हिरोजी इंदुलकरांचं, तिथून थेट गडाची उंची! एकही तपशील चुकला नव्हता. पण आजी पुढे काय म्हणाली, ते राहूनच गेलं. फोटो दाखवायला काढलेला फोन त्या मुलीनं पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

असं ज्ञान पाजळलं की समोरचा हिरमुसतो, पुढच्या वेळी कामापुरतंच बोलतो. मला अशा मुलाचंही वाईट वाटतं. त्यानं मेहनतीनं वाचलेलं असतं, आणि तरी डबा खाताना त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यांतलं पहिलं अमानित्व, म्हणजे मोठेपणाची हाव नसणं; दुसरं अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं. ज्ञानेश्वरांनीही तिथं आपलं जाणतेपण झाकून वावरणारा माणूस मोठ्या प्रेमानं रंगवला आहे.

असा माणूस आपल्या काळातही होता. डॉ. जयंत नारळीकरांना १९६५ मध्ये, ऐन तरुणपणी पद्मभूषण मिळालं. पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी भाग घेतला तो नारायण विनायक जगताप या नावानं. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. मुलं सही मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देईन. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण बोलण्याची पहिली पाळी शाळकरी पोराची!

आता कार्यक्रमानंतर जेवणं आहेत. वर्षभरात ज्याच्याशी धड बोलला नाहीत, त्याच्या शेजारी पान घ्या. त्याला काहीतरी विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये तोंड घालू नका, एवढीच माझी विनंती आहे.