शोध कोणाच्या नावावर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्यापीठातल्या शोधांविषयी ही बाई काय बोलणार, असे कोणाला वाटेलही. पण आपल्या पेणकरपाड्यातल्या मुली आता सकाळची गाडी धरून मुंबईच्या कॉलेजांत शास्त्र शिकायला जातात. तिथे त्या काय करतात आणि केलेले कोणाच्या नावावर लागते, हे आयांनी विचारायला नको का?

आधी पेटंट म्हणजे काय ते सांगते. कोणी नवी वस्तू, किंवा ती करण्याची नवी रीत शोधून काढली, तर सरकार त्या शोधावर २० वर्षे हक्क देते. परवानगीवाचून दुसऱ्याने ती वस्तू करून विकायची नाही. मात्र शोध खरोखर नवा हवा. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. आता बोट कापले की हळद दाबायची, हे आपल्याला कोणत्या विद्यापीठाने शिकवले? डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली, जुने ग्रंथ व लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीबाईच्या बटव्यातली विद्या वाचली, ती कोणीतरी लिहून ठेवली होती म्हणून. नुसते तोंडी सांगणे तिथे चालले नसते.

पेटंटाच्या कागदावर मालकाचे नाव निराळे आणि शोधकाचे निराळे. विद्यापीठातल्या कामाची मालकी बहुधा संस्थेकडे जाते. पण शोधक म्हणून ज्याने डोके चालवले त्याचेच नाव लागायला हवे. नोकरी, बढती, मान, सारे त्या नावाला मिळते. आणि ही नावे मोजली तर काय दिसते? अलीकडच्या वर्षांत जगभरातून होणाऱ्या आंतरराष्ट्रीय अर्जांत शंभर शोधकांमागे बायका सतरा-अठराच.

बायकांना अक्कल कमी म्हणून असे होते काय? अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी चार हजारांहून अधिक जीवशास्त्रज्ञांची तीस वर्षांची नोंद तपासली आणि २००६ साली ती प्रसिद्ध केली. पेटंट असलेले पुरुष शंभरात तेरा निघाले, बायका शंभरात सहाहूनही कमी. पण बायकांचे संशोधन हलके होते असे काही आढळले नाही. फरक ओळखींचा होता. पुरुषांच्या कारखानदारांशी गाठीभेटी असत. बायकांना कोणी बोलावत नसे. या भानगडीत पडलो तर शिकवण्याकडे दुर्लक्ष होईल, लोक नावे ठेवतील, ही धास्तीही होती. आपल्याला हे नवे नाही. घरात लोणचे आपण घालतो, आणि व्यवहाराचे बोलणे निघाले की चहा करायला आत जातो!

आपल्याकडे तर आधी दारच बंद होते. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून पाहू, अशा अटीवर त्यांना घेतले. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेतल्या पोषक द्रव्यांवर जे काम केले, त्याला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. कलकत्त्याच्या डॉ. असीमा चटर्जी यांनी वनस्पतींपासून फेफऱ्यावरचे औषध तयार केले आणि त्याचे पेटंटही घेतले. म्हणजे बाईला हे जमते. तिला वाट मोकळी हवी.

माझ्या भाचीचे सांगते. कॉलेजचे नाव घेत नाही. चौघांच्या गटात तिने दीड वर्ष एका उपकरणावर काम केले. पेटंटाचा अर्ज तयार झाला तेव्हा त्यावर तीन मुलांची आणि मास्तरांची नावे, हिचे नाही. "तू तर नोंदी ठेवत होतीस," असे तिला सांगितले. भाची रडत बसली नाही. रोजची तारीख घातलेली वही तिने पुढे ठेवली. उपकरणातली मुख्य सुधारणा कोणत्या दिवशी कोणाला सुचली, हे तीत लिहिलेले होते. अर्ज जाण्यापूर्वी तिचे नाव लागले. ती वही नसती तर?

म्हणून आयांनी मुलींना चार गोष्टी सांगाव्यात. काम करताना बांधीव वहीत, तारीख घालून लिहावे आणि शिक्षकांची सही घ्यावी. शोध मासिकात छापण्याआधी अर्ज करावा. आधी जगजाहीर झाले की नवेपण जाते आणि बहुधा हक्क बुडतो. शोधक कोण कोण, हे अर्जापूर्वीच विचारावे. नाव राहिले तर पेटंट मंजूर होण्यापूर्वी नियंत्रकांकडे मागणी करण्याची सोय कायद्यात आहे. आणि खर्चाला भिऊ नये. २०१९ पासून अर्जदारांत एक जरी बाई असली तर लवकर तपासणी मागता येते, आणि २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये शंभरात ऐंशी सूट आहे. पेटंटाची कचेरी काही विलायतेत नाही. मुंबईत अँटॉप हिलला आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, गाळण्या वाटतो. येत्या वर्षी त्या खर्चातून वस्तीतल्या प्रत्येक कॉलेजात जाणाऱ्या मुलीला एकेक जाड, बांधीव वही द्यावी. पहिल्या पानावर तिने आपले पूर्ण नाव लिहावे, आणि त्याखाली तारीख. सर्वांना हे पटले तर पुढच्या सभेत ठराव मांडावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.