लिव्ह म्हणजे राहणे नव्हे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव आणि ज्वारीचा भाव हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. आज आम्ही घरभाड्याच्या कागदावरच्या एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे भाड्याने खोली घ्यायची आहे? पण कोरडवाहू रानात दोन भावांचे भागत नाही. एक पऱ्हाटीत राहतो, दुसरा मुंबईची वाट धरतो. मुंबईत जागा परवडत नाही, म्हणून तो ठाण्याच्या पुढे दिव्याला उतरतो. मुंब्रा आणि डोंबिवलीच्या मधले हे जंक्शन. लोकलने कामावर जाता येते आणि खोली त्यातल्या त्यात स्वस्तात मिळते. त्या खोलीचे डिपॉझिट मात्र गावाकडून जाते, कापसाच्या पट्टीतून नाहीतर बैलजोडी विकून. म्हणून हा विषय आपला आहे.

खोली घेताना जो कागद पुढे येतो त्याच्या डोक्यावर 'लिव्ह अँड लायसन्स' असे लिहिलेले असते. लिव्ह म्हणजे राहणे, एवढे इंग्रजी आपल्या पोराला येते. राहायचे लायसन मिळाले, असे समजून तो सही करतो. फसगत इथेच होते. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत लिहिले की एकसारखे दिसतात. या कागदावरचा लिव्ह राहण्याचा नाही. सुटीचा म्हणून आपण ओळखतो, तो हा शब्द. त्याचा जुना अर्थ परवानगी. नोकरदाराची लिव्ह म्हणजे तरी काय? कामावर न येण्याची परवानगी. सुप्रीम कोर्टात 'स्पेशल लिव्ह पिटिशन' दाखल होते, तोही अपील करू द्या अशी खास परवानगी मागणारा अर्जच. म्हणजे लिव्ह ही परवानगी आणि लायसन्स हीसुद्धा परवानगी. एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे.

लायसन काय चीज असते हे कापूसवाल्याला शिकवायला नको. १९७२ पासून तीसएक वर्षे एकाधिकार खरेदी होती. स्वतःच्या रानातला कापूस शेजारच्या राज्यात नेऊन विकणे हा गुन्हा होता. आधी सगळे बंद करायचे, मग मर्जीने थोडे उघडायचे, याचे नाव लायसन. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात लायसनची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ असा: दुसऱ्याच्या जागेत जी गोष्ट एरवी बेकायदा ठरली असती ती करण्याची मुभा, त्या जागेत हितसंबंध मात्र काही नाही.

भाडेपट्टा वेगळा. त्यात जागा वापरण्याचा हक्कच तुमच्याकडे येतो. मालकाने घर विकले तरी भाडेपट्टा नव्या मालकावर बंधनकारक राहतो. लायसन नव्या मालकावर बंधनकारक नसते. आपल्या भाषेत सांगायचे तर भाडेपट्टा म्हणजे वहिवाट आणि लायसन म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरून जायची मुभा.

मग सगळे मालक लायसनच का देतात? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला बाहेर काढणे अवघड केले. मालकांनी पळवाट काढली: भाडेकरू ठेवायचाच नाही, परवानगीवाला ठेवायचा. १९७३ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसनवर राहणाऱ्यांनाही भाडेकरू ठरवले. मालक आणखी धास्तावले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे १९९९ च्या कायद्याने, ही धास्ती घालवली. मुदत संपली की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळते, आणि न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई पडते.

हे ऐकून आपले रान आठवत नाही का? कूळकायदे आले आणि जमीन कसायला देणारा घाबरला. आज बटईने, ठोक्याने रान देतात ते तोंडी. बटईदाराचे नाव सातबाऱ्यावर येत नाही, म्हणून पीककर्जासाठी तो बँकेच्या दारात उभा राहू शकत नाही. गरिबाला संरक्षण म्हणून केलेल्या कायद्याने रानात बटईदार बिनकागदाचा केला आणि शहरात भाडेकरूचा परवानगीवाला केला. भीती एकच, मार खाणाराही एकाच घरातला.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर दिव्याच्या पोराला एवढे सांगा.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते.

सही करण्याआधी कागद वाचून घ्या. मालक जागा परत मागायला जातो तेव्हा लेखी लायसन हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. 'तोंडी वेगळे ठरले होते' हे तिथे चालत नाही. डिपॉझिटचा पूर्ण आकडा आणि परतीची तारीख कागदावर हवी. पैसे बँकेतून द्या. भाडे न घेता लाखाची रक्कम अडकवणारे 'हेवी डिपॉझिट' असेल तर दहादा विचार करा. दिव्यात अनधिकृत इमारती पुष्कळ आहेत. करार नोंदवला म्हणून इमारत कायदेशीर होत नाही. आणि लायसन रद्द झाले तरी सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे. पैसे घेऊन, तुमची चूक नसताना मुदतीआधीच बाहेर काढले, तर भरपाई मागता येते.

आपण घामाचे दाम मागतो तेव्हा कुणाची परवानगी मागत नाही, हक्क मागतो. परवानगी आणि हक्क यांतला फरक कापसाने आपल्याला शिकवला. तोच फरक पोराच्या खोलीच्या कागदावर ओळखायचा आहे. गावी गेल्यावर दिव्याला फोन लावा आणि विचारा: कागद नोंदवला का?