संगणक आणि कायदा : दोन पदव्या, दोन रस्ते

(हातकणंगले येथे झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला ‘बारावीनंतर काय?’ यावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातल्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. गेल्या महिन्यात आपल्या वसतिगृहातली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, मला कॉम्प्युटर आवडतो आणि वकील पण व्हायचंय. दोन्ही एकत्र शिकता येतं म्हणतात. खरं काय?” तिचे वडील आज इथे मागे बसले आहेत. तिचे दोन भाऊ वीटभट्टीवर जातात. म्हणजे हा प्रश्न नुसत्या आवडीचा नाही, घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मजुरीचा आहे. त्या दिवशी मी तिला उत्तर दिले नाही. का दिले नाही, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता. हुशार होता. मी त्याला म्हटले, “अरे, दोन्ही कर की! सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरे.” त्याने माझे ऐकले. एका ठिकाणी संगणकाच्या पदवीला आणि दुसऱ्या ठिकाणी पाच वर्षांच्या कायद्याला, असे दोन्हीकडे नाव घातले. परीक्षेच्या तोंडावर कळले की असे चालत नाही. एक प्रवेश रद्द करावा लागला. वर्ष गेले आणि आईने शेळ्या विकून भरलेली फीही गेली. चूक त्याची नव्हती, माझी होती. नियम न वाचता मी सल्ला दिला होता. तेव्हापासून मी आधी वाचते आणि मग बोलते.

नियम असा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार कायद्याची पदवी घेताना दुसऱ्या नियमित पदवीला नाव घालता येत नाही. सूट आहे ती भाषेच्या किंवा संगणकाच्या अल्पमुदतीच्या अर्धवेळ प्रमाणपत्र वर्गाला आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाला. २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची वाट मोकळी केली हे खरे. पण जिथे व्यावसायिक परिषद आहे तिथे त्या परिषदेचा नियम पाळावाच लागतो.

मग दोन्ही शिकायचे कसे? त्याचे दोन सरळ रस्ते आहेत.

पहिला रस्ता एकत्रित पदवीचा. बारावीनंतर पाच वर्षांत विज्ञानाची आणि कायद्याची पदवी मिळून घ्यायची. गांधीनगरच्या गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठाने बी.एस्सी. एलएल.बी. चालवली आहे, डेहराडूनच्या एका खाजगी विद्यापीठाने संगणक अभियांत्रिकी आणि सायबर कायदा जोडून बी.टेक. एलएल.बी. चालवली आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ ही परीक्षा असते आणि ती इंग्रजीतच असते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी विधी सीईटी असते, ती मराठीतूनही देता येते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला कायद्याच्या प्रवेशासाठी बारावीत किमान ४० टक्के गुण लागतात.

दुसरा रस्ता पायरीपायरीचा. आधी बीसीएस किंवा बीसीए, मग तीन वर्षांचे एलएल.बी. एकूण सहा वर्षे. हे सारे आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून होते. इथून रेल्वेने किंवा एसटीने रोज जाऊन-येऊन शिकता येते.

पालकांनो, आता इथे नीट लक्ष द्या. पहिल्या रस्त्याने एक वर्ष वाचते, पण त्या रस्त्याला मधे थांबा नाही. एकत्रित पदवीचे तुकडे करून तीन वर्षांनी त्यातली एक पदवी देता येत नाही, असे तोच नियम सांगतो. चौथ्या वर्षी घरात आजारपण आले, पैसा संपला, मुलीच्या लग्नाचा धोशा लागला आणि शिक्षण सुटले, तर हातात काहीच राहत नाही. दुसऱ्या रस्त्यावर तीन वर्षांनी एक पदवी पक्की हातात येते. तिच्यावर नोकरी करून पुढचे शिकता येते. ‘कमवा आणि शिका’ म्हणणारे कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली याच तालुक्यात, कुंभोजला जन्मले. आपल्यासारख्या घरांची नड त्यांना ठाऊक होती.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. इंग्रजी पक्के असेल, फी आणि राहण्याची सोय पाचही वर्षांची झाली असेल, तर एकत्रित पदवीला जा. यातले एकही डळमळीत असेल, तर पायरीपायरीने जा. सहावे वर्ष वाया जात नाही, ते आपल्याला सांभाळून नेते.

आता तुम्ही विचाराल, आदिवासी पोराला हे दोन्ही कशाला? एक उदाहरण देते. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला दावा करता येतो. पण कधी कधी उत्तर मिळते, “उपग्रहाच्या चित्रात तुमचे शेत दिसत नाही.” म्हातारा माणूस यापुढे काय बोलणार? तो हात जोडून परत येतो.

कायदा शिकलेला मुलगा सांगेल की २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे उपग्रहचित्र हा इतर पुराव्याला जोड आहे, त्याची जागा ते घेऊ शकत नाही. संगणक शिकलेला मुलगा विचारेल, चित्र कोणत्या तारखेचे? कोणत्या कॅमेऱ्याचे? भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे साडेतेवीस मीटर लांब-रुंद चौकोन, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठे. दहा गुंठ्यांची नाचणी त्यात दोन ठिपके सुद्धा भरत नाही! ती दिसणार कशी? हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारता आले, तर तो म्हातारा हात जोडून परत येणार नाही.

दुसरी गोष्ट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधला फोटो, व्हिडिओ किंवा संगणकातली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. त्यात त्या फाइलचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. हे ज्याला समजते, त्याच्या अशिलाचा खरा पुरावा कागदाअभावी फुकट जात नाही.

आणि आपल्यातल्या पारधी बांधवांना वेगळे सांगायला नको. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी वहीतली नावे लोकांच्या मनातून गेली नाहीत. आज वही जाऊन संगणक आला आहे. त्यात आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे विचारणारी माणसे आपल्यातलीच हवीत.

तयारीचे थोडे सांगते. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांचा अर्ज निकालाची वाट न पाहता बारावीतच करा. आधार, शाळेचा दाखला आणि जातीचा दाखला यांवरचे नाव अक्षरन् अक्षर एक आहे का ते आज घरी जाऊन पाहा. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाची ‘स्वयं’ योजना आहे. पुढे वकील म्हणून नोंदणी करताना अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३० जुलै २०२४ चा निकाल आहे. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. मुंबई गाठावी लागत होती, ते काम आता घराजवळ आले.

पवित्र शास्त्रात सलाफहादाच्या पाच मुलींची हकिकत आहे. बाप वारला, भाऊ नव्हता, वतन जाणार होते. त्या साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या, आपली बाजू मांडली आणि त्यांच्यासाठी नियम बदलला. त्यांना बोलता आले म्हणून जमीन राहिली.

तो मुलगा, ज्याचे वर्ष माझ्यामुळे गेले, त्याने बीसीएस पूर्ण केले, दोन वर्षे नोकरी केली आणि आता तो एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या मुलीच्या वडिलांना मी एवढेच सांगते : दादा, आज निर्णय घेऊ नका. सभा संपल्यावर थांबा. आपण तिघे बसू, कागद काढू आणि सहा वर्षांचा हिशेब एकेका महिन्याने मांडू. या वेळी मी नियम वाचून आले आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.