जबड्याचे हाड आणि नवे दात
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी शिक्षकाने विद्येविषयी बोलावे, हा रिवाज आहे. आम्ही आज दातांविषयी बोलणार आहोत. त्यास कारण आहे. जैनथ भागातील मराठी शाळेत आम्ही कित्येक वर्षे व्याकरण शिकवीत आलो. त, थ, द, ध आणि स हे दंत्य वर्ण, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. पुढे पायोरियाने आमचा वरचा एक दात गेला, आणि ‘संस्कृती’ हा शब्द उच्चारताना शिट्टी वाजली. वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण त्या दिवसापासून वर्गात तोंडावर हात धरून बोलू लागलो.

त्याआधी डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा गेल्या होत्या. मागची दाढ कोणाला दिसते, असे म्हणून आम्ही सहा वर्षे दवडली. शेवटी नागपूर गाठले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, दात बसवता येईल, पण तो ज्यात बसवायचा ते हाड कुठे आहे?”

हा प्रश्न आम्हांस नवा होता, घरात मात्र तो जुनाच होता. आमच्या अब्बांचे सगळे दात पन्नाशीतच गेले. त्यांना कवळी करून दिली. दोन-तीन वर्षांत ती सैल झाली, जेवताना हलू लागली, हिरडीस टोचू लागली. ती डब्यात गेली ती कायमची. पुढे ते भाकर वरणात कुस्करून खात. हुरड्याच्या दिवसांत शेतावर सगळे बसले म्हणजे ते उठून बैलांकडे जात. दोष कवळीचा आहे, असे आम्ही समजत होतो. कवळीखालचे हाड झिजत होते, हे कोणी सांगितले नाही.

हाताला प्लॅस्टर घातले तर महिन्या-दीड महिन्यात दंड बारीक होतो. वापर थांबला की शरीर खर्च आवरते. जबड्याचेही तसेच आहे. दातांची मुळे ज्या हाडात रुतलेली असतात, ते चावण्याच्या दाबाने टिकून राहते. दात काढल्यावर त्या जागी हाडाची रुंदी पहिल्या वर्षात सुमारे निम्म्याने घटू शकते, आणि त्यातील बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. पायोरिया तर दात तोंडात असतानाच हाड खातो. बिडी-सिगारेट आणि ताब्यात नसलेला मधुमेह त्यास हातभार लावतात. आपल्या भागातील खर्रा हिरड्या बिघडवतोच. शिवाय त्यातील सुपारीने तोंड उघडेनासे होते. मग डॉक्टरांचा हातच आत जात नाही.

आता उपायांकडे वळू. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायातील रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टिटॅनियमचे उपकरण निघेना. हाडाने ते आपलेसे केले होते. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमची मुळे बसवली. या गृहस्थाचा जबडा जन्मतःच सदोष होता. २००६ साली ते वारले, तोपर्यंत ती मुळे कामी आली. म्हणजे या विद्येचा पहिला रुग्णच अवघड जबड्याचा होता. हाड कमी आहे म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

हाड थोडे कमी असेल तर आखूड किंवा बारीक मूळ बसवतात. रुंदी फारच कमी असेल तर हाडाची भर घालतात, आणि ती मुरण्यास चार ते नऊ महिने थांबतात. वरच्या दाढांच्या जागी, नाकाशेजारच्या पोकळीचा तळ उचलून त्याखाली भर घालतात. सगळेच दात गेले असतील तर चार मुळांवर, मागची दोन तिरपी बसवून, पूर्ण पंगत उभी करता येते. वरचे हाड अगदीच उरले नसेल तर गालाच्या हाडाचा आधार घेतात. ते मात्र मोठ्या रुग्णालयाचे काम.

गरिबाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की खालच्या जबड्याच्या पुढील भागात बहुधा पुरेसे हाड शिल्लक राहते. तेथे दोनच मुळे बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. २००२ साली मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सर्व दात गेलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले. अब्बांना हे मिळाले असते, तर ते हुरड्याच्या पंगतीतून उठले नसते.

एक नाजूक बाब स्पष्ट बोलतो. हाडाची भर कधी स्वतःच्याच जबड्यातून घेतात, कधी ती गुरांच्या हाडापासून केलेली असते, कधी मानवी दात्याची, कधी कृत्रिम. वर घालावयाचा पडदा डुकरापासूनही केलेला असू शकतो. मुसलमान असो वा हिंदू, ज्याच्या मनास जे रुचत नाही ते त्याने आधीच विचारावे. यात लाज कसली? पर्याय असतात. आमच्यासाठी आमच्याच जबड्याच्या मागच्या भागातले हाड घेतले.

दुसरी बाब घाईची. एका शहरात आम्हांस साखर न तपासता आगाऊ रक्कम मागितली गेली. आम्ही उठून आलो. त्रिमितीय स्कॅन केला का, खालच्या जबड्यातील नस किती दूर आहे, एकूण खर्च व काळ किती, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कोणी औषध घेत असेल, तर तेही डॉक्टरांस सांगावे. नव्या दातास कीड लागत नाही. पण त्याभोवतीचे हाड अस्वच्छतेने पुन्हा जाऊ शकते. मिसवाक असो, कडुनिंबाची काडी असो वा ब्रश, रोजची सफाई सुटत नाही.

आमचे काम पुरे होण्यास चौदा महिने लागले. पहिल्याच आठवड्यात दात काढतेवेळी विचारले असते, तर कदाचित भर घालावीच लागली नसती.

म्हणून विश्वस्त मंडळास विनंती आहे. वार्षिक सभेच्या दिवशी दंततपासणी ठेवावी. नागपूर किंवा हैदराबादच्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंत जाण्यायेण्याचे भाडे गरजूंस द्यावे. आणि आपणा सर्वांस विनंती, की आज घरी गेल्यावर आपापल्या वडीलधाऱ्यांस विचारावे, “कवळी बसते ना?” ते “हो” म्हणतील. तेवढ्यावर थांबू नये. ताटात काय उरते, तेही पाहावे.