करवंदाची बागड

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर एरवी इतिहास, संगीत, अध्यात्म असे मोठे विषय होतात. मी उद्यानिकीचा डिप्लोमा घेऊन सरकारी नोकरी करणारा माणूस. मला रोपांविषयीच बोलता येईल, म्हणून करवंदावर बोलतो.

पवारांच्या मागोमाग आपली घराणी धार-देवासला आली. भाषा आणली, सणवार आणले, पुरणपोळी आणली. करवंद मात्र आणावे लागले नाही, ते इथे होतेच. मांडवगडला पाहुण्यांना आपण कौतुकाने दाखवतो ती खुरासानी चिंच मूळची आफ्रिकेची. करवंद या देशाच्या मातीतले. हाटात आपण त्याला करौंदा म्हणतो, इतकेच.

फळाच्या वेळेत मात्र फरक आहे. सह्याद्रीतली ‘डोंगरची मैना’ वैशाखात पिकते. आपल्याकडचा लागवडीचा करौंदा पावसाळ्यात येतो आणि झाडावर राहू दिला तर भाद्रपदापर्यंत पिकून काळा होतो. म्हणजे गणपतीतच! म्हणून हा विषय आजच काढला.

पूर्वी शेताला, परसाला काटेरी झाडांची बागड असे. आता तार किंवा भिंत. तार गंजते, पुन्हा पैसे घालावे लागतात. करवंदाची बागड वर्षागणिक दाट होते. बारा महिने हिरवी राहते, काट्यांमुळे गुरे-शेळ्या आत शिरत नाहीत आणि वर फळे मिळतात. मुख्य म्हणजे एकदा मूळ धरले की पाणी फारसे मागत नाही. देवासकरांना 1990 साल आठवत असेल. शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नंतर 2006 पासून जिल्ह्यात शेततळी झाली. त्या तळ्यांच्या पाळीवर लावायला याहून सोपे झुडूप मला सुचत नाही.

आता लावायचे कसे ते सांगतो. बाजारात मिळतात ती लोणच्याची कच्ची, गुलाबी-पांढरी फळे. त्यांचे बी घेऊ नका. झाडावर पूर्ण पिकून काळे झालेले फळ घ्या. बी धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. हे बी साठवणीत टिकत नाही, पुढच्या वर्षासाठी डबीत ठेवले तर वाया जाईल. पिशवीत माती, वाळू आणि शेणखत सारखे घ्या. पुढच्या आषाढात रोप जमिनीत लावा. बागडीसाठी दोन-तीन फुटांवर एक, फळांसाठी सुटे झाड हवे तर सात-आठ फुटांवर. बियांपासून झालेल्या झाडांची फळे लहानमोठी निघतात. एकसारखी मोठी फळे हवी असतील तर ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’, ‘कोकण बोल्ड’ अशा जातींची रोपे रोपवाटिकेत विचारा.

माळव्याच्या काळ्या मातीत एकच काळजी. तिथे पाणी तुंबते आणि तुंबलेले पाणी करवंदाला सोसत नाही. खड्ड्यात मुरूम मिसळा किंवा बांधावर उंचावर लावा. पहिले दोन हिवाळे पाला पडण्याची भीती असेल तेव्हा रात्री गवताने झाका. दोन वर्षे शेंडे छाटा, म्हणजे बुडापासून फुटवे येतील. साधारण तिसऱ्या वर्षी फळ धरते.

भगिनींना मी काय सांगणार? चिरताना हाताला तेल लावावे, चीक जाण्यासाठी फोडी मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात, हे त्यांना माहीतच आहे. लोणचे, मुरंबा आणि हिरव्या मिरचीबरोबरची भाजी आपल्या घरांत होतेच. मुलांना मात्र एक गोष्ट सांगा: केकवरची लाल ‘चेरी’ पुष्कळदा साखरेत मुरवलेले, रंगवलेले करवंदच असते. फळ त्यांच्या पोटात जाते, झाड त्यांनी पाहिलेलेही नसते.

मला काळजी वाटते ती याचीच. जुने वाडे गेले, परसे गेली. मुले पुणे-बंगळूरला आहेत आणि गावाकडची शेती वाट्याने दिलेली. कोणते फळ कधी पिकते आणि बी कधी पेरायचे, हे सांगणारी पिढी आज समोरच्या रांगेत बसली आहे. आजी-आजोबांनो, या आठवड्यात नातवंडांकडून चार बिया पेरून घ्या. फ्लॅट असेल तर मोठी कुंडीही चालते, फक्त तिला ऊन हवे.

बाप्पा दहा दिवसांनी निरोप घेतात. आज पेरलेले रोप पुढच्या वर्षी त्यांच्या स्वागताला दारात उभे असेल.

गणपती बाप्पा मोरया!