परत बोलावलेली गाडी



अमरावतीहून नांदगाव खंडेश्वर सोडून यवतमाळकडे निघालेला ट्रक आपल्या नेरवरूनच जातो. त्या ट्रकच्या एका लोखंडी दांड्याविषयी आज बोलणार आहे. विषय रुक्ष खरा, पण त्यात माणसाचा जीव गुंतला आहे.

समजा, एका सुताराने एकाच ओंडक्यातून दहा बंड्यांचे आख घडवले आणि पुढे त्याला कळले की लाकूड आतून किडलेले होते. इमानदार सुतार काय करील? दहाही घरी निरोप धाडील, 'बंडी जुंपू नका, आख बदलून देतो, पैसे नकोत.' मोटारीच्या धंद्यात याच निरोपाला 'रिकॉल' म्हणतात.

२०२३ च्या जुलैत मारुती सुझुकी कंपनीने एस-प्रेसो व ईको या गाड्यांबाबत असा निरोप काढला. एकूण ८७,५९९ गाड्या. संशय होता तो स्टिअरिंगच्या टाय रॉडवर. हा दांडा पुढच्या चाकांना स्टिअरिंगशी जोडतो. तो मोडला तर हातातले चक्र फिरते, पण चाक ऐकत नाही. ब्रेक निकामी झाला तर गिअर उतरवता येतो, हँडब्रेक ओढता येतो. स्टिअरिंग गेल्यावर ब्रेक दाबून देवाचे नाव घेणे एवढेच उरते. ट्रकांचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतले घ्या. तेथे २०१६ साली व्होल्व्होच्या सुमारे १६ हजार ट्रकांत स्टिअरिंगचा दांडा पूर्वसूचनेवाचून सुटण्याचा धोका आढळला, तेव्हा दुरुस्तीपर्यंत ते रस्त्यावर आणूच नका, असे बजावण्यात आले.

आपल्याकडे २०१२ पासून कारखानदार हे स्वखुशीने करीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले. सरकार आता गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते, आणि कंपनीने दुरुस्ती करावी, गाडी बदलून द्यावी किंवा पूर्ण किंमत परत करावी, असे त्यात आहे. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीने आपण होऊन दोष कळवून गाड्या बोलावल्या तर मात्र दंड माफ. हे मला शहाणपणाचे वाटते. चूक कबूल करणाऱ्याला झोडपले तर पुढे कबूल कोण करील?

पण सक्तीच्या रिकॉलचे हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. आणि आपल्या गावात ट्रक येतो केव्हा? मोठ्या शहरातल्या मालकाने राबवून घेतला, दुसऱ्याने फायनान्सचे हप्ते फेडले, मग तिसरा हात आपला! कंपनीचे पत्र जाते ते बहुधा पहिल्या खरेदीदाराच्या पत्त्यावर. आमचा सौदा एका चिठ्ठीवर झालेला, आर.सी. बुकावर नाव अजून जुन्याचेच. पत्र नागपुरात पडून राहते आणि ट्रक इकडे कापसाच्या गाठी भरून घाट उतरतो.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. तक्रारी मोजायच्या त्या मालकांच्या. स्टिअरिंग जड झाले, चक्रात 'प्ले' वाढला, गाडी एका अंगाला ओढते, हे प्रथम कळते ड्रायव्हरच्या तळहाताला. तो सांगतो, तेव्हा 'एवढी खेप मारून ये, मग बघू' हे उत्तर आपणांपैकी कितीजणांनी दिले असेल! पुढे दुर्घटना झाली की 'चालकाचा ताबा सुटला' असे छापून येते. ताबा सुटला की दांडा सुटला, हे पाहायला लोखंड तपासावे लागते; आपण बहुधा माणूसच तपासतो. कलमात मात्र मालकांखेरीज चाचणी संस्था व 'अन्य कोणताही स्रोत' यांनाही जागा ठेवली आहे. त्या दारातून ड्रायव्हरचा शब्द आत गेला पाहिजे.

तेव्हा एम.एच. २९ असो की परजिल्ह्याची, जुनी गाडी घेताना टायर व हूड पाहता, तसा चेसिस क्रमांकही उतरवून घ्या. तो कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला दाखवून या गाडीचा रिकॉल बाकी आहे काय, एवढे विचारा. आर.सी. नावावर करून घ्या. आणि विचारायला जाताना ड्रायव्हरला बरोबर न्या. कोणत्या वळणावर चक्र अडते, हे तोच सांगेल.