फॉरवर्ड ते ग्रामसभा

आज बोलायचंय आपल्या हातातल्या मोबाईलबद्दल आणि आपल्या आरोग्याबद्दल. ठिकाण आपलंच, डहाणू-तलासरी.

एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन लागलेला, सगळीकडे करोनाची धास्ती. डहाणूच्या गावांमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज फिरू लागले की रात्री चोर येतात, मुलं पळवतात, किडन्या काढून नेतात. पोरं रात्र रात्र गस्त घालायला लागली. मदत घेऊन आलेल्या एका डॉक्टरांवरच जमावाने हल्ला केला. आणि दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, दादरा नगर हवेलीच्या सीमेजवळ गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशा तिघांचा जीव गेला. ते सुरतला अंत्यविधीसाठी निघाले होते. मग देशभर दुसरी अफवा सुरू झाली, धर्माची. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्र्यांना जाहीर सांगावं लागलं.

या घटनेवर राजकारण खूप झालं. मला मात्र एक साधा प्रश्न पडतो. किडनी काढून नेण्याची गोष्ट इतक्या लोकांना खरी का वाटली?

माझं उत्तर असं आहे. ज्या पाड्यावर नर्सताई नियमित येते आणि डॉक्टर ओळखीचे असतात, तिथे असा मेसेज आला की विचारायला माणूस असतो. "ताई, हे खरं काय?" एवढं विचारलं तरी काम भागतं. जिथे विचारायला कुणीच नाही, तिथे फॉरवर्डच डॉक्टर होतो आणि फॉरवर्डच पोलीस होतो. म्हणून आरोग्य हा सुरक्षेचा प्रश्न आहे. त्यात आपण सीमेवरची माणसं. रोज कुणी वापीच्या कंपनीत जातं, कुणी सिल्वासाला, कुणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून. आजार आणि अफवा चेकनाक्यावर थांबत नाहीत.

मग आपण तरुणांनी करायचं काय? नेत्यांचे स्टेटस ठेवणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नाही. आपले दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत. कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे नियम २०१४चे. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि त्यात आरोग्यही येतं. अठरा वर्षं पूर्ण झाली, मतदार यादीत नाव आलं, की तुम्ही त्या सभेचे सदस्य.

आदिवासी भागासाठी सरकारचाच निकष आहे: ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आपल्या गावात काय आहे ते बघा. उपकेंद्र आठवड्यातून किती दिवस उघडं असतं? साप चावला तर आरोग्य केंद्रात लस आहे का? १०८ला फोन केला तर गाडी पाड्यापर्यंत येते का? महिनाभर तारखेसह नोंदी ठेवा, फोटो काढा. मात्र पेशंटचा फोटो नको, त्याचं नावही नको. या नोंदी गावच्या आरोग्य समितीपुढे ठेवा, ग्रामसभेत वाचा आणि ठराव लिहून घ्या. ठरावाची प्रत मागायला विसरू नका. ग्रुपवरचा मेसेज उद्या वर सरकून जातो, ठराव मात्र इतिवृत्तात राहतो.

हे होऊ शकतं, कारण नेटवरून कागदापर्यंत जायचं काम आपल्याच भागात झालेलं आहे. डहाणू परिसरातल्या आदिवासी तरुणांनी 'आदिवासी युवा शक्ती', म्हणजे 'आयुश', इंटरनेटवरून बांधली. त्यांच्या संस्थेने अर्ज केला आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. चित्रांसाठी जमलं, तर दवाखान्यासाठी का नाही जमणार?

आणि हो, आजच एक काम करा. आपल्या आशाताईंना गावच्या ग्रुपमध्ये घ्या. पुढच्या वेळी भीतीचा मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी त्यांना विचारा. त्या मेसेजवर कुणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

तुमच्या उपकेंद्राची काय स्थिती आहे, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. जोहार!